खंदकाचं माप

कपडे शिवणाऱ्या बाईचा हात कसा असावा, तर दोरा ओढला जावा आणि कापडाला कळूही नये. आत्या हे सगळ्यांना कौतुकानं सांगायची आणि वर म्हणायची, माझ्या भाचीचा हात तसाच आहे, म्हणून तर काजळी तिला पाठीवर घेते.

काजळी ही आत्याची घोडी. बोटानं टिपून डोळ्यांत घालावी इतकी काळी. आत्या स्वतः तिच्यावर बसत असे, पण खुब्याचं हाड मोडलं आणि बसणं संपलं. घोडीवरून पडून नव्हे, न्हाणीघरात पाय घसरून. हे ती स्वतःच हसत सांगे. मग लगाम भाचीच्या हाती आला. भाचीचं शिवणाचं दुकान होतं. चाळिशी उलटल्यावर ती घोड्यावर बसायला शिकली होती. सकाळी तबेल्यात यायची, खरारा करता करता गुणगुणायची आणि दुकान उघडायच्या आत परत जायची. गाणं तिचं तिनंच जुळवलेलं होतं:

काळ्या माझ्या काजळीचं पाऊल हलकं फार,
तिच्या पाठीवरी बाई माझा उतरतो भार.

आजच्या शर्यतीवर काजळीचं ठाण, म्हणजे तबेल्यातली तिची बांधायची जागा, अवलंबून होतं. मागच्या मोसमात, भाची अजून शर्यतीत उतरत नव्हती तेव्हा, दुसऱ्या एका स्वाराखाली ती अडथळ्यापुढे थबकली होती, आणि तेव्हापासून तबेल्यात तिचं नाव अडेल पडलं होतं. तबेला कप्तानाचा. कप्तान फौजेत कधीच नव्हता, फक्त आवाज फौजेचा होता. त्यानं आत्याला सरळ सांगून टाकलं होतं, की बाई, ठाणं मोजकी, आणि दारात नवा घोडा येऊन उभा आहे. आज काजळी अडली तर तिचं ठाण मोकळं करायचं. डोंगरावर ओझी नेणारा एक माणूस तिचे दात बघून गेलाही होता. आत्या त्या दिवशी जेवली नव्हती. पण तबेला दुसऱ्याचा, आणि जवळपास दुसरा तबेलाही नव्हता.

या शर्यतीत एकाच दिवशी तीन परीक्षा असतात. तबेल्यातल्या बोलीत पहिली नाचाची, दुसरी दांड्यांची आणि तिसरी रानाची. नाचाच्या परीक्षेत आखलेल्या चौकात घोडं शिस्तीत चालवून दाखवायचं. तिथं भाचीच्या हाताचं सोनं झालं. काजळी अशी चालली, की जणू लगाम दोऱ्याचा होता. पंचबाईंनी चष्म्यावरून बघून मान डोलावली. दांड्यांच्या परीक्षेत एक दांडी खुरानं हलली, पण पडली नाही. राहिली ती रानाची. तिथं अडथळे पक्के असतात. ओंडके, कुंपणं, पाणी. त्यांना खूर लागला तर ते हलत नाहीत, स्वार हलतो.

रानाची वाट प्रत्येक स्वार आधी पायी चालून बघतो. कप्तानानं शिकवताना घोकून घेतलं होतं, की खंदक आला की आत डोकावायचं नाही, पलीकडचं झाड नजरेत धरायचं आणि त्याच्याकडेच बघत राहायचं. स्वार खाली बघतो, तेव्हा घोडंही खालीच बघतं. भाचीनं झाड धरलंही होतं. दोन फांद्यांचं, एका अंगाला झुकलेलं. पण खंदकाच्या काठाशी आली आणि तिचा हात आपोआप खिशात गेला. खिशात टेप होती, ती कायमच असायची. लग्नाला गेली तरी असायची. कुणी बघत नाही असं पाहून ती खाली वाकली, टेपचं पितळी टोक या काठावर दगडाखाली दाबलं आणि दुसरं टोक त्या काठाला नेलं. मग खोलीही घेतली.

आकडा फार मोठा नव्हता. पण तो आकडा होता. कापडाला माप असलं की जीवाला बरं वाटतं, चूक कुठं होईल ते आधी कळतं. खंदकाचं माप मात्र तिच्या पोटात उतरलं आणि तिथंच बसून राहिलं.

शेवटची पाळी तिचीच होती. काजळी निघाली, ती वाऱ्यानं पडदा उचलावा तशी. पहिला ओंडका, दुसरं कुंपण, मग पाणी. पाण्यात ती लहान पोरीसारखी खिदळल्यागत उड्या मारत गेली. भाची मनातल्या मनात गाणं म्हणत होती. वळण आलं, उतार आला, आणि उताराच्या तळाशी खंदक.

झाड समोर होतं. दोन फांद्यांचं. भाचीनं खाली बघितलं.

काजळीनं मागचे पाय जमिनीत रोवले, मान उचलली, उडीसाठी अंग गोळा केलं. त्याच क्षणी भाचीच्या दोन्ही मुठी पोटाशी आल्या. लगाम ताणला. काजळीच्या तोंडात लोखंड रुतलं, पुढचे पाय हवेतून परत खाली आले, काठाची माती ढासळली आणि ती थरथरत उभी राहिली.

काठावर एक म्हातारे पंच खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या मागे पाचसात माणसं होती, सतरंजीवर बसून डबे उघडलेली. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. सतरंजीवरचा एक जण बायकोला म्हणाला, की बघ, घोडी भ्याली.

भाचीनं चाबूक उचलला आणि काजळीच्या कुशीवर ओढला. एकदा. मग परत एकदा, जोरात.

काजळीला आजवर तिनं बोटानंसुद्धा मारलं नव्हतं. काजळी दचकली, वळली, भाचीनं तिला मागे नेलं, पुन्हा खंदकावर आणलं, आणि या वेळी डोळे मिटून मुठी मानेवर सोडून दिल्या. काजळी पाखरासारखी पलीकडे गेली. मागून पंचांचा आवाज आला, की असंच पाहिजे बाई, लाड करून चालत नाही. सतरंजीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिच्या पाठीवर गारांसारख्या पडल्या.

पुढचे अडथळे कसे गेले ते तिला आठवेना. शेवटच्या दोरीपाशी आत्या काठी टेकून उभी होती, शेजारी कप्तान. खंदक उताराआड होता, तिथलं त्यांना काही दिसलं नव्हतं. पण भोंग्यावरून सांगून झालं होतं, की खंदकावर घोडीनं एकदा नकार दिला. घोडीनं. बोलणारा नेहमीचंच बोलला होता. नकार देते ती घोडीच, असंच सगळे म्हणतात.

आत्यानं भाचीच्या मांडीवर थोपटलं आणि तोंड दुसरीकडे केलं. कप्तान खाकरला. त्यानं फार कठोर होऊन नाही, जरा मऊ आवाजातच सांगितलं, की बाई, आपलं बोलणं झालंय, तो माणूस परवा गाडी घेऊन येईल.

भाची खाली उतरली, खोगीर काढलं, काजळीला नळापाशी नेलं. बादलीनं पाणी ओतताना घामाचा फेस वाहून गेला आणि कुशीवरचे दोन वळ वर आले. जाड, तिरपे, एकाला एक चिकटलेले. जशी चुकीची शिवण, उसवून पुन्हा चुकीचीच घातलेली. तिनं हात पुढे केला. तो वळावर पोचण्याआधीच काजळीची कातडी थरारली आणि घोडी एक पाऊल सरकली. तिच्याकडे न बघता सरकली. भाचीला वाटलं, ही चावली असती, हिनं लाथ मारली असती, तर बरं झालं असतं.

शेजारच्या नळावर एक तरुण स्वार घोडा धूत होता. तो म्हणाला, की काकू, तुम्ही वेळेवर वाजवलीत म्हणून तरी गेली. तिनं बादली उपडी घातली आणि ओल्या हातांनी तंबूकडे गेली.

कप्तान चहा पीत होता. आत्या समोर बसली होती, चहा तसाच ठेवून.

"कप्तान, काजळी अडली नाही. मी लगाम ओढला."

कप्तानानं तिच्याकडे बघितलं. मग हसला. हसण्यात कुचेष्टा नव्हती, उलट माया होती, आणि तेच तिला सोसेना. तो आत्याला म्हणाला, की बघा बाई, तुमच्या भाचीचं काळीज. घोडी वाचावी म्हणून तिची चूक स्वतःच्या अंगावर घेतेय. असे स्वार हल्ली राहिले नाहीत. मग भाचीकडे वळून त्यानं चहा मागवू का, असं विचारलं.

"चहा नको. खंदकावर चला."

"अगं शिंपीणबाई, मी तीस वर्षं घोडी बघतोय. जी एकदा अडते ती…"

"चला म्हणते ना."

तिचा एवढा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. आत्यानं काठी उचलली. कप्तान म्हणाला, की बाई, तुम्हाला उतार झेपायचा नाही. आत्या म्हणाली, की तुझा आवाज झेपला इतकी वर्षं, उतारही झेपेल.

वाटेत नळापाशी बांधलेल्या काजळीच्या कुशीकडे आत्यानं वळून बघितलं. खंदकापाशी कुणी उरलं नव्हतं. पंचांची खुर्ची उचलून नेलेली, सतरंजी गेलेली, गवतावर तिचा चौकोन तेवढा दबलेला. भाचीच्या मागून कुणी स्वार आला नव्हता, त्यामुळे मातीत काजळीची पावलं सगळ्यांवर, जशीच्या तशी उमटलेली होती. भाची ओणवी झाली आणि बोटानं दाखवू लागली. स्वतःहून अडणारं घोडं लांबूनच पावलं आखडतं, हे कप्तानानंच तिला शिकवलं होतं. इथं पहिल्या खेपेची पावलं लांब, सारखी, एका चालीची होती. मग मागच्या खुरांचे दोन खोल खड्डे, उडी घेताना पडतात तसे. आणि त्यांच्या पुढे, अगदी काठावर, पुढच्या खुरांनी खाली येऊन घसरलेली, ओरबाडलेली माती.

कप्तान उकिडवा बसला. खड्ड्यात बोट घालून बघितलं. 

"ही तर उठली होती," तो हळूच म्हणाला. "उठलेल्या घोडीला खाली बसवलंस तू."

भाचीनं खिशातून टेप काढली आणि त्याच्यापुढे धरली. सकाळी माप घेतल्याचं सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं टेपकडे बघितलं, मग खंदकाकडे, आणि मान खाली घातली. त्याचं हसणं परवडलं असतं.

आत्या काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिनं एवढंच विचारलं:

"आणि वळ?"

भाचीला वाटलं होतं, लगामाचं सांगितलं की संपलं.  

"तिथं माणसं बसली होती," ती म्हणाली. "चूक घोडीची आहे असं त्यांना दिसावं, म्हणून मारलं."

वाक्य बाहेर पडलं आणि ते किती लहान आहे, हे तिला ऐकू आलं. आत्या रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणता आलं नसतं. आपल्याच घरातली वस्तू ओळखू येऊ नये, तसं काहीतरी होतं ते.

उतार चढताना कप्तान म्हणाला, की परवाच्या माणसाला आपण नको म्हणून कळवतो, काजळीचं ठाण काजळीचंच. नवा घोडा तूर्त ओसरीत बांधू. मग थोडं थांबून म्हणाला, की पुढच्या शर्यतीला काजळीवर कोण बसेल ते मात्र बघावं लागेल. भाचीनं मान हलवली. तिनं स्वतःच एका मुलीचं नाव सुचवलं, जी तबेल्यात नवी होती आणि खाली न बघता उडी मारायची. आत्यानं चालता चालता हात पुढे केला.

"टेप दे इकडे. उद्या सकाळी दुकानात जायच्या आधी तबेल्यात येऊन घेऊन जा. आणि रोज येत जा. बसायला नव्हे. घोडीला चोळायला."

घोडीच्या गाडीत भाची मागे चढली, काजळीजवळ. गाडी हलली तशी काजळी पाय फाकून तोल सांभाळत उभी राहिली. भाचीनं चहाच्या तंबूतून हळदीचा लेप वाटीत आणला होता. वाटी हातात धरून ती कुशीशी उभी राहिली. सवयीनं गाणं ओठांवर आलं. काळ्या माझ्या काजळीचं पाऊल हलकं फार. दुसरी ओळ तिला म्हणवेना.

तिनं लेपानं माखलेली बोटं वळापासून एवढ्याशा अंतरावर धरली. कातडी थरारली. तिनं हात मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. तसाच धरून ठेवला, खांदा भरून आला तरी, आणि काजळी काय करते ते बघत उभी राहिली.