चार्जरवरचे लाड

मी एक ड्रिल बोलतोय. समोर भिंत नसताना तोंड उघडायची माझी ही पहिलीच वेळ, तेव्हा आवाज जरा घरघरला तर सांभाळून घ्या. मी बिनवायरीचा. पायाशी बॅटरी अडकवली की कुठेही जायला मोकळा.

जन्म कारखान्यातला. तिथे कुणीतरी मला फिरवून पाहिलं, "चालेल" म्हटलं आणि खोक्यात घातलं. तेवढंच काय ते कौतुक.

माझा पहिला मालक दादा. प्रदर्शनांचे स्टॉल उभारणं हा त्याचा धंदा. त्याच्या हाताखाली मी शिडीवरून पडलो, रंगाच्या बादलीत बुडी मारली, सिमेंटची धूळ पोटभर खाल्ली. तो मला पँटला पुसायचा, बटण दाबायचा आणि मी फिरायचो. "गडी टणक आहे," एवढंच म्हणायचा. बॅटरी भरली की चार्जरवरून काढायची, काम संपलं की मला पिशवीत टाकायचं. मला वाटे, या माणसाला मायाच नाही.

मग त्याची धाकटी बहीण तान्ह्या लेकीला घेऊन नव्या घरात राहायला गेली, तेव्हा त्याने मला पिशवीसकट तिच्या हाती दिलं. सोबत बॅटऱ्या दोन.

या घरी आलो आणि माया म्हणजे काय ते कळलं! ताई शिकलेली, पण काळजी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. कुलूप लावलं की ओढून बघायची, जिना उतरून परत वर येऊन ओढायची. लेक शांत झोपली तर नाकाशी बोट धरून श्वास बघायची. मलाही तिने मऊ फडक्याने पुसलं, खिडकीच्या कट्ट्यावर बसवलं आणि एक बॅटरी शेजारीच चार्जरवर ठेवली. "ऐनवेळी दगा नको," असं स्वतःशीच म्हणाली. चार्जरचा हिरवा दिवा दिसला की तिला बरं वाटे. बॅटरी तिथून कधी उतरलीच नाही. दुपारचं ऊन तिच्यावर येऊन बसे. काम मात्र आम्हाला काहीच नव्हतं.

दुसरी बॅटरी पिशवीच्या तळाशी स्क्रूंखाली पडून राहिली. तिची आठवणही कुणाला नव्हती.

अशात लेक उभी राहायला लागली. गोलमटोल, म्हणून सगळे तिला भोपळी म्हणत. एका संध्याकाळी भोपळीने उंच कपाटाचा खालचा ड्रॉवर ओढला आणि त्यात पाय ठेवून वर चढली. कपाट जरासं पुढे झुकलं. ताईने धावत जाऊन ते पाठीने रेटून धरलं.

"रविवारी सुताराला बोलावू," तिचा नवरा म्हणाला.

"आणि रविवारपर्यंत थांब म्हणून हिला कोण सांगणार? तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी नवरा कामाला गेल्यावर तिने भोपळीला कठड्याच्या पलंगात ठेवलं आणि मला उचललं. पहिलं भोक झकास पडलं. प्लास्टिकची गिट्टी बसली, कपाट भिंतीला जखडणाऱ्या लोखंडी पट्टीचा एक स्क्रू आवळला गेला. दुसऱ्या भोकात मात्र मी अर्ध्यावर गेलो आणि घर्र... बंद. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तिने रडवेल्या आवाजात फोन लावला.

"दादा, गेला रे तो!"

"कोण गेला?"

"तुझा ड्रिल."

"अगं बाई, माझा जीव घेशील! झालं काय?"

"अर्ध्या भोकात थांबला. आणि मी एवढी काळजी घेतली होती रे. बॅटरी एकदाही चार्जरवरून काढली नाही."

"एकदाही?"

"नाही! खिडकीत ठेवली होती, चांगली हवेशीर."

"म्हणजे उन्हात." दादाला हसू आवरेना. "वेडे, शिजवलीस तिला. मशीनला काही झालेलं नाही. दुसरी लाव."

"दुसरी कुठली?"

फोन बाजूला टाकून तिने पिशवी फरशीवर पालथी केली. स्क्रूंच्या ढिगातून धुळीने माखलेली बॅटरी बाहेर आली. "हिच्याकडे तर मी ढुंकूनही पाहिलं नाही," ती पुटपुटली. बॅटरी अडकवली, डोळे मिटले, बटण दाबलं.

मी असा फिरलो म्हणता!

दुसरा स्क्रू बसला. ताईने सगळं वजन टाकून कपाट ओढून पाहिलं. मग सवयीने पुन्हा ओढून पाहिलं. हललं नाही.

भोपळीला खाली सोडून ताईने मला आवरायला उचललं, तर लेक तडक कपाटाकडेच. धरून उभी राहिली, मग दोन्ही हात सोडले आणि धपकन बसली. ताईचे हात अर्ध्यापर्यंत पुढे आले आणि तिथेच थांबले. भोपळीने ओठ काढून आईकडे पाहिलं. आता भोकाड पसरणार, तेवढ्यात ताईची बोटं घाबरून माझ्या बटणावर आवळली. घर्रर्र! भोपळी खुदकन हसली आणि कपाट धरून पुन्हा उभी राहिली. तिला उचलायला ताई गेली नाही.

आता माझा मुक्काम पिशवीत, सावलीत. मुठीचं रबर दादाच्या अंगठ्याने झिजलंय, तोंड किंचित डगडगतं, पण दम पुष्कळ आहे. एकच विनंती: पोटभर चार्ज करा आणि उतरवा, अधूनमधून कामाला लावा. पडलो तर पुसा आणि बटण दाबून बघा. आम्ही लगेच मरत नाही. भोपळीचंही बहुधा हेच म्हणणं असावं. तिला अजून बोलता येत नाही, म्हणून दोघांच्या वतीने मी बोललो.