खिरापतीचा डबा

पुण्याजवळच्या मांजरी गावात पूर्वी म्हणे इतका उंच ऊस यायचा, की स्वारगेटला एसटीच्या टपावर चढलं की त्याचा शेंडा दिसायचा. शेंड्यावर एक पोपट बसायचा आणि सोलापूरची गाडी लागली की ओरडून सांगायचा.

ऊस सोलून केलेले करवे डब्यात भरता भरता तनयाने नेहमीचा प्रश्न विचारला, "आजी, हे खरं की लोणकढी?"

"लोणकढी गं. पोपट कुठला? कावळा होता," सुशीलाबाई म्हणाल्या.

तनयाला हे चालायचं. खोटं म्हणजे समोरच्याला फसवायला बोलतात ते. लोणकढी दोघांनाही ठाऊक असते. हा नियम तिने स्वतःच बसवला होता.

अडीच वर्षांची होईपर्यंत तनया एक अक्षरही बोलली नव्हती. डॉक्टर ऑटिझम म्हणाले, तशी घरच्यांनी तिला बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट नम्रताताईंकडे न्यायला सुरुवात केली. तिथे ठोकळ्यांचा मनोरा रचायचा. एक ठोकळा ताईंचा, एक तनयाचा. "माझी टर्न. तुझी टर्न." त्या ठोकळ्यांच्या मागून बोलणं आलं, आणि आलं ते असं की सुशीलाबाई म्हणायच्या, "आता हिचा ब्रेक कुठाय ते ताईंना विचारून या."

आता ती सगळ्यांसारखीच शाळेत होती. फार गलका झाला की हेडफोन लावायची, आणि तास बदलणार असला की प्रियदर्शनी बाई तिला आधी सांगायच्या. बाकी सगळं झकास. फक्त भोंडला सोडून.

भोंडल्याला पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि मग एका वर्गाने आणलेली खिरापत दुसऱ्या वर्गाने ओळखायची. गेल्या वर्षी 'ब' वर्गातल्या हेमाने गोड आवाजात विचारलं होतं, "तनया, डब्यात काय गं?" तनयाने सांगून टाकलं, "सुरळीच्या वड्या." विचारलं तर सांगायला नको? तिच्या 'अ' वर्गाच्या मुली दिवाळीपर्यंत फुगून बसल्या होत्या.

यंदा खिरापत आणायची टर्न तनयाची होती.

"तू आण," मॉनिटर रुकसाना म्हणाली, "पण ओळखायच्या वेळी लायब्ररीत जाऊन बस. डबा मी धरते."

"माझी टर्न आहे. डबा मीच धरणार."

"आणि हेमाने विचारलं तर?"

"तरी मीच धरणार," तनया म्हणाली. तिला फेराच्या मधोमध, हत्तीशेजारी, डबा धरून उभं राहायचं होतं. वर्षभर तेवढंच हवं होतं.

रुकसानाने कपाळाला हात लावला. "बरं, धर. पण फोडलंस ना, तर पुढच्या वर्षी खरंच लायब्ररी."

म्हणून घरी आठवडाभर सुशीलाबाईंची शिकवणी चालली होती.

"डब्यात काय?"

"ऊस."

"अगं, करंजी म्हण!"

"पण करंजी नाहीये."

"नाहीये म्हणूनच म्हणायचं! साठ वर्षं थापा मारत्येय मी, आणि माझ्या नातीला एक जमू नये?"

नाहीच जमली.

भोंडल्याच्या दिवशी तनया हेडफोन लावून फेरात नाचली. गाणी संपल्यावर हेडफोन गळ्यात घेतला आणि डबा धरून हत्तीशेजारी उभी राहिली.

"गोड की तिखट?" 'ब' वर्ग ओरडला.

"गोड."

"लाडू?" "नाही." "शिरा?" "नाही." "करंजी? अनारसे? गुळपोळी?" "नाही, नाही, नाही." स्वयंपाकघरातलं सगळं संपलं. तशी हेमा पुढे झाली. "तनया, सांग ना, डब्यात काय गं?"

रुकसानाने डोळे मिटून घेतले. तनयाच्या जिभेवर ऊस आलाच होता. पण हेमाने आपली टर्न सोडून तनयाची घेतली होती, आणि ठोकळ्यांच्या खेळात असं कधीच चालत नसे.

"मी सांगायचं नसतं," तनया म्हणाली. "ओळखायची टर्न तुझी आहे. ओळख."

"अगं, पण..."

"तुझी टर्न. मी थांबते." आणि ती खरोखरच शांतपणे थांबली.

"हरलो बाई," शेवटी हेमा म्हणाली. डबा उघडला, पांढरेशुभ्र करवे दिसले, आणि 'अ' वर्गाने असा काही जल्लोष केला की तनयाने एका हाताने हेडफोन लावला आणि दुसऱ्या हाताने रुकसानाला टाळी दिली.

"पुढच्या वर्षी पण डबा तूच धर," रुकसाना तिला ऐकू जावं म्हणून जवळ येऊन म्हणाली.

"नाही. पुढच्या वर्षी तुझी टर्न."

घरी सुशीलाबाई दारातच उभ्या होत्या. "काय गं, फोडलंस?"

"हेमाने विचारलं," तनया म्हणाली, "तेव्हा पाटावरचा हत्ती उठला आणि त्याने माझ्या तोंडावर सोंड ठेवली. मग बोलणार कशी?"

सुशीलाबाई बघतच राहिल्या. "हे... हे खरं की लोणकढी?"

तनयाने चपला काढून नीट जोडीने ठेवल्या.

"लोणकढी," ती म्हणाली. "हत्ती नव्हता, हत्तीण होती."