टोपीवरचे लाल कोळी

भामाबाईच्या वांग्यांची पानं पिवळी पडली आणि सुकन्याच्या लग्नाचा मामा रुसला. खरं सांगायचं तर दोष भामाबाईच्या जिभेचा. "दाजीनं उसाला तणनाशक मारलं, तेच उडून आलं जणू," असं ती नवऱ्यापाशी सहज बोलून गेली. शहादेवला तेवढंच पुरलं.

दाजी म्हणजे बंकट, शहादेवच्या सख्ख्या बहिणीचा, साखराबाईचा नवरा आणि सुकन्याचा बाप. तेलगावात दोघांचं शेताला शेत. तणनाशकाच्या डब्याचं सीलसुद्धा अजून फोडलं नाही, असं बंकट शपथ घेऊन सांगत होता. पण ऐकेल तो शहादेव कसला! "भाचीच्या पाठीशी उभा ऱ्हानार न्हाई," असं त्यानं पारावर जाहीरच करून टाकलं. आता मामाच पाठीशी नाही म्हटल्यावर पोरीनं अंतरपाटासमोर उभं राहायचं कसं? लग्न रविवारी, आणि शुक्रवार तर उजाडला होता.

भामाबाईला आपलं बोलणं आता खुपत होतं. सुकन्या तिच्याच चुलीपुढं भाकरी थापायला शिकलेली.

त्याच सकाळी भामाबाई वांगी तोडायला गेली आणि एक पान सहज उलटं करून पाहिलं. पाठीमागं बारीक जाळी, जणू पीठ चाळून टाकलेलं. दुकानातून आणलेलं किडीचं औषध तिनं दोनदा फवारलं होतं, तरी रोग वाढतच चाललेला. आणि तणनाशकानं पानं मुरगळतात, ही तर सरळ होती, नुसती पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली. मागच्या साली शेतीशाळेत सायली मॅडम काहीतरी सांगत होत्या. भामाबाईला त्या दिवशी डुलक्या येत होत्या, पण एक गोष्ट डोक्यात राहिली होती. पांढऱ्या कागदावर पान झटकायचं, ठिपके चालायला लागले तर तो कोळी, पानाचा रस शोषणारी बारीक कीड.

कागद आणायला ती वळते तोच शहादेवनं चार पानं उपटून मूठ आवळली. "सगळ्या पाव्हण्यांपुढं दावतो दाजीचं काम!" म्हणत तो लग्नाच्या मांडवाकडं सुटला. मागोमाग भामाबाई, पदर खोचून.

मांडवात सुकन्या चुडा भरायला बसली होती. शहादेवचा अवतार पाहून कासारणीचाही हात थांबला. बंकट पुढं आला. त्यानं डोक्यावरची नवी पांढरी टोपी काढली आणि मेव्हण्याच्या पायावर ठेवायला वाकला. साखराबाईनं तोंडाला पदर लावला.

"थांबा दाजी!" भामाबाईनं टोपी मधल्या मधे झेलली.

बाईला भ्रम झाला, असंच सगळ्यांना वाटलं. तिनं नवऱ्याच्या मुठीतलं एक पान ओढलं, टोपीवर उलटं धरून तीनदा झटकलं. कापडावर बारीक लाल कण पडले.

"धूळ हाय ती," शहादेव म्हणाला.

तेवढ्यात धुळीचा एक कण चालायला लागला. त्याच्या मागं दुसरा. तिसरा तर शिवणीवर चढला. सगळा मांडव टोपीवर वाकला.

"तणनाशकाला कदी पाय फुटलेत का ओ?" भामाबाईनं बोटानं कण चिरडले. टोपीवर लाल रेघ उमटली. "लाल कोळी हाय ह्यो. ह्येला खानारे किडे आमीच औषध मारून मारले, म्हनून ह्यो लई माजला. दाजी, पयला संशय माज्या तोंडातून निघाला. माफी माजी मला मागू द्या."

शहादेवनं मुठीतली उरलेली पानं खाली टाकली. मग त्यानं स्वतःची टोपी काढली, बंकटच्या डोक्यावर ठेवली आणि ती रेघेची टोपी आपण घातली.

"नवरीच्या बापाची टोपी कोरी पायजे. चुकलो दाजी."

सुकन्या आधी हसली आणि मग रडली.

रविवारी मंगलाष्टकं सुरू झाली. एका पाहुण्यानं मामाच्या टोपीवरच्या रेघेचं विचारलं, तर शहादेव म्हणाला, "आमच्या वांग्यावरचा कोळी," आणि पाहुणा अक्षता मुठीत धरून बघतच राहिला. पुढं मुंडावळ्या बांधलेल्या सुकन्यानं मान न वळवता हळूच विचारलं, "मामा, हायस ना मागं?"

"हाय गं, हाय," शहादेव म्हणाला, आणि डोळे पुसायला डोक्यावरची टोपीच हातात घेतली.