एकेकोच्या फळीवर मला जागा नाही

मित्रांनो, मी मंजूर झाले. यंत्र आलं, प्रयोगशाळा वाचली, लोक नाचले. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण अजून माझा जन्मही झालेला नाही.

मी एक जुनी टोपली आहे. वेताची नव्हे. ऑनलाइन दुकानात वस्तू निवडून ठेवायला असते, ती. मला कडी नाही, तळ नाही, तरी माझ्यात वीस किलोचं यंत्र मावतं. वेताच्या टोपलीने एकदा हे करून दाखवावं.

माझा जन्म नोव्हेंबरात एल आल्तो या उंचावरच्या शहरातल्या एका छोट्या दवाखान्यात, एर्मेलिंदाच्या फोनवर झाला. एर्मेलिंदा तिथे रक्त तपासते. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं तिचं यंत्र त्याच आठवड्यात शेवटचं किंचाळून गप्प झालं होतं. दवाखान्याच्या समितीने सांगून टाकलं, फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपर्यंत नवं यंत्र आलं नाही तर प्रयोगशाळेला कुलूप आणि एर्मेलिंदा घरी. तोवर तिने घरून पालेभाजी निथळायची हातफिरकी आणली आणि तीत नळ्या बांधून फिरवायला लागली. पेशंट म्हणायचे, "वा, काय फिरकी आहे!" ते ऐकून माझा तिळपापड व्हायचा. पालक निथळणारीचं एवढं कौतुक!

एर्मेलिंदाने माझ्यात एक यंत्र ठेवलं, नळ्यांचा एक खोका ठेवला आणि मला व्यवस्थापक दोन्या (म्हणजे बाईसाहेब) प्रिमितिवा यांच्या फोनवर पाठवलं. त्यांनी मला उघडायचं, हिरव्या चौकोनावर बोट ठेवायचं, की मी मंजूर. बोट ठेवायला एक क्षण लागतो. दोन्या प्रिमितिवांना नऊ आठवडे पुरले नाहीत.

"टोपली बघितलीत का?" एर्मेलिंदा विचारायची.

"रोज बघते. छान आहे."

"मग मंजूर करताय ना?"

"अगं, लोणचं घातल्या दिवशी खातं का कुणी? मुरू दे."

मी मुरत राहिले. मध्येच दवाखान्याच्या स्वयंपाकघराची टोपली आली, तीत दोन किटल्या. दुपारी आली आणि चहाच्या आत मंजूर. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दिवसातून चाळीस वेळा पाहिलं, त्याला ढुंकणं म्हणत नाहीत.

मग चोवीस जानेवारी उजाडली, अलासितासची जत्रा. जे हवं त्याची बोटभर प्रतिकृती घ्यायची, ठीक बाराला याटिरीकडून, म्हणजे तिथल्या पुजाऱ्याकडून, धुपाचा आशीर्वाद घ्यायचा, की वर्षभरात खरी वस्तू दारात. स्वतः घेतलेलीपेक्षा दुसऱ्याने दिलेली लवकर फळते. म्हणून दोन्या प्रिमितिवांना भेट द्यायला काहीतरी घ्यावं, असं ठरवून एर्मेलिंदा केबलकारने खाली ला पास शहरात उतरली आणि प्रतिकृती विकणाऱ्या डॉन सेवेरोंच्या दुकानापुढे उभी राहिली.

"रक्त फिरवायचं यंत्र आहे का हो?"

"नाही. धुण्याचं आहे," डॉन सेवेरो म्हणाले. "तेही फिरतंच."

"पण ते धुण्याचं आहे ना?"

"देव काय झाकण उघडून बघणार आहे?" म्हणत त्यांनी त्यावर लाल क्रॉस रंगवून दिला.

बारा वाजले. म्हाताऱ्या याटिरीने त्या प्लास्टरच्या धुणी-यंत्राला धूप दाखवला, दारू शिंपडली, पाकळ्या वाहिल्या. मी एर्मेलिंदाच्या खिशात, फोनमध्ये होते. मला ठसका लागला, तो धुराचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती भेट दोन्या प्रिमितिवांना मिळाली. त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या कचेरीत फळीवर भरभराटीचा देव एकेको उभा असतो, मिशाळ, दोन्ही हात पसरलेला, अंगावर पोती, भांडी आणि नोटा लटकवलेला. त्यांनी यंत्र त्याच्या पायाशी ठेवलं, त्याच्या तोंडात सिगारेट पेटवून दिली, मग फोन काढला, मला उघडलं आणि लाल चौकोनावर बोट ठेवलं. नामंजूर. क्षणही लागला नाही.

एर्मेलिंदा धावत आली. "अहो, नामंजूर का केलीत?"

"अगं पोरी, एकेकोकडे मागून झालं ना? मग दुकानाकडेही मागायचं? त्याला वाटेल, हिचा आपल्यावर भरवसा नाही."

"पण तो पाठवणार कुठून? पत्ता कोण देणार?"

"देवाला पत्ता लागतो?"

"देवाला नाही, ट्रकवाल्याला लागतो!"

दोन्या प्रिमितिवांनी एकेकोच्या सिगारेटची राख झटकली. "तेही खरंच," त्या म्हणाल्या. "पण आता नाही म्हणून बसले. मीच माझा शब्द फिरवला तर उद्या मला कोण विचारील?"

कार्निव्हलला अकरा दिवस उरले होते. एर्मेलिंदा घरी जाऊन रडली नाही. तिने माझं चित्र कागदावर काढून घेतलं आणि पुन्हा डॉन सेवेरोंकडे गेली. त्यांच्याकडे बोटभर घराची बोटभर खरेदीखतंही असतात, सही-शिक्क्यासकट. त्यांनी मला काडेपेटीएवढं केलं, सोनेरी किनार काढली आणि खाली गोल शिक्का मारला: मंजूर. जत्रा अजून चालू होती. मुहूर्ताचे बारा टळले होते, पण याटिरी म्हणाला, "बारा काय, रोज वाजतात."

तो कागद हातात घेऊन दोन्या प्रिमितिवा खुर्चीत सावरून बसल्या. "अगंबाई! ही तर मंजूर झालेली आहे!"

"आशीर्वादासकट," एर्मेलिंदा म्हणाली. "तुम्हाला शब्द फिरवायला नको. वरूनच आलंय."

"वरून आलं म्हटल्यावर मी कोण अडवणार? पाठव परत."

तिने मला परत पाठवलं आणि दोन्या प्रिमितिवांचं बोट हिरव्यावर टेकलं.

यंत्र कार्निव्हलच्या सोमवारी आलं. मंगळवारी त्याच्या गळ्यात रंगीत कागदाच्या माळा पडल्या, चारही कोपऱ्यांत बिअर शिंपडली गेली, आणि बुधवारी एर्मेलिंदा पांढरा कोट घालून कामावर आली. कुलूप लागलं नाही. मला खरंच आनंद झाला. साधारण दुपारपर्यंत.

कारण मागणी गेली की आम्हा टोपल्यांना रिकामं करतात. मी आतून कोरडी ठणठणीत, आणि फळीवर एकेकोच्या उजव्या हाताला, सोनेरी किनारीत, ती काडेपेटी. येणारा-जाणारा तिला नमस्कार करतो. "हिच्यामुळेच यंत्र आलं बरं का!" ती म्हणजे मीच हो! माझंच चित्र! पण तिच्यात यंत्र मावत नाही. मुंगी बसली तर पाय बाहेर येतात. स्वतःवरच जळायची वेळ मित्रांनो, कुणावर येऊ नये.

म्हणून सांगते, तुमच्याकडे कुणाची टोपली आली तर ती नुसती उघडून बघत बसू नका. तिच्या मागे कुणीतरी हाताने फिरकी फिरवत असतं. हो म्हणा, नाही म्हणा, पण म्हणा. आणि रिकामी झाल्यावर एकदा तरी तिचं नाव घ्या.

सबब, दवाखान्याच्या माननीय समितीस नम्र विनंती की, सदर यंत्राच्या नोंदवहीत 'आईचे नाव' हा नवीन रकाना उघडण्यात यावा, त्यात अर्जदार टोपलीचे नाव ठळक अक्षरांत लिहिण्यात यावे, आणि तसा दाखला शिक्क्यासह, मूळ आकारात, तीन प्रतींत देण्यात यावा.