पाणबुड्याचा डावा हात

"जरा अंधार करते हं," टेबलापलीकडची मुलगी म्हणाली आणि तिनं काळा पडदा ओढून घेतला. पडद्याच्या आत आम्ही तिघंच उरलो: ती, माझा मित्र मीटर आणि मी. टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर बारा पाणबुडे ओळीनं उभे होते, प्रत्येक वीतभर उंच. जुन्या ॲक्शन फिगर विकत घेणाऱ्या एका कंपनीनं त्या मुलीला भाव ठरवायला हॉलमध्ये बसवलं होतं. बाहेर चाळीसेक माणसं आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन नंबरची वाट बघत होती, दवाखान्यात बसतात तशी.

"तू कशाला घाम पुसतोयस?" मीटर मला म्हणाला. "विकतोय मी."

मी रुमाल खिशात कोंबला. घाम कशाचा ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या बारातल्या शेवटच्या पाणबुड्याचा डावा हात मी केलेला होता आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

मीटर हे काही त्याचं नाव नव्हे. तो विजेचे मीटर वाचत असे. रोज सत्तर-ऐंशी घरं. जिन्याखाली वाकून आकडा लिहून घ्यायचा आणि उठताना कपाटावर नजर टाकायची, ही त्याची सवय. "ताई, ते खेळणं कुणाचं हो?" म्हणून विचारायचा. मुलं मोठी झालेली असायची, खेळणं धूळ खात पडलेलं असायचं. ताई म्हणायच्या, घेऊन जा बाबा, तेवढीच जागा होईल. पाणबुड्यांच्या संचातले सात तर त्याला असे फुकटच मिळाले. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतो, म्हणून मी कवळी. आमच्या मंडळात सगळ्यांना अशीच नावं होती आणि खरी नावं विचारायची कुणाला गरजही पडली नाही.

मंडळ म्हणजे तरी काय, झेरॉक्सच्या दुकानामागची खोली, महिन्याचा पहिला रविवार आणि आम्ही नऊ रिकामटेकडे. बायका आमच्या छंदाला बाहुल्या म्हणायच्या. "बाहुल्यांना निघालात का? येताना साबण आणा." पण त्या खोलीत एक नियम होता आणि तो आम्ही देवाधर्मासारखा पाळायचो. टेबलावर फिगर ठेवली की तिच्या पायाखाली एक चिठ्ठी ठेवायची आणि त्या चिठ्ठीत तिचे दोष मालकानंच लिहायचे. मान सैल. बूट दुसऱ्या फिगरचा. पाठीवरचा रंग मी दिलेला. समोरच्यानं विचारायच्या आधी आपण सांगायचं. दोष नसेल तर चिठ्ठी कोरी ठेवायची. बावीस वर्षांत कोऱ्या चिठ्ठ्या पाच-सहाच ठेवल्या गेल्या असतील.

मग भाव वाढायला लागले. आधी गंमत वाटली, आपल्या कपाटात चक्क पैसे उभे आहेत म्हणून. मग नवीन लोक आले. त्यांना फिगर नको होत्या, खोकी हवी होती. न उघडलेली. एकेक जण वीस-वीस खोकी उचलायचा आणि कपाटात कोंडून भाव चढायची वाट बघायचा. जी फिगर आम्ही आठवड्याच्या चहाचे पैसे वाचवून घ्यायचो, तिला महिन्याचा पगार पुरेना. नवाचे सहा झालो, सहाचे तीन, आणि अलीकडे तर मीटर आणि मी एवढेच. "आपल्यानंतर हे हाताळणार कोण?" मीटर एकदा म्हणाला. "पुढच्या माणसाला फिगरचा गुडघा वाकतो हेसुद्धा कळायचं नाही. तो फक्त खोक्याला पॉलिश करत बसेल."

माझं पाप त्याच दिवसांतलं, अकरा वर्षांपूर्वीचं. कंदीलवाला पाणबुड्या मला भंगारात सापडला होता, पण त्याचा कंदील धरलेला डावा हात गायब. मंडळातल्या एकाकडे अखंड पाणबुड्या होता. सगळे चहाला बाहेर गेलेले असताना मी माप घ्यायच्या लगद्यात त्याच्या हाताचा ठसा घेतला आणि लॅबमध्ये दाताच्या रंगाच्या ॲक्रिलिकमधून तस्साच हात घडवला. शपथेवर सांगतो, तेव्हा मनात काही नव्हतं. आपल्याला जमतंय का बघू, एवढंच. जमलं, आणि इतकं जमलं की मीच चार दिवस त्याच्याकडे बघत बसलो.

रविवारी तो टेबलावर ठेवला. चिठ्ठी हातात घेतली, पेन उघडलं, आणि मीटरचा चेहरा दिसला. त्याच्याकडे अकरा पाणबुडे होते. हा बारावा. "पूर्ण आहे?" त्यानं विचारलं. असा पूर्ण नग तेव्हा तीन पगारांना जात होता. मी पेन बंद केलं आणि कोरी चिठ्ठी पाणबुड्याच्या पायाखाली सरकवली. तोंडानं मी खोटं बोललो नाही, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो. त्याची शिल्लक रजा नुकतीच रोख झाली होती, ते सगळे पैसे त्यानं मला दिले. मी म्हटलं, मित्राला थोडं कमी करतो. तो म्हणाला, "छे, बाजारभाव घे. तुला काय फुकट पडलाय?" त्या पैशात मी स्वतःसाठी एक खोकंबंद कप्तान घेतला.

आणि आता पूर्ण संचाचा भाव कुठल्या कुठे गेला होता. मीटर वाचायला माणूस लागेनासा झाला तेव्हाच त्याची नोकरी संपली होती. तो राहायचा चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वहिनींचे गुडघे गेलेले. त्या एकेक पायरी आडव्या उतरायच्या, कठडा दोन्ही हातांनी धरून, आणि महिना महिना खाली यायच्याच नाहीत. त्याच इमारतीत तळमजल्यावरची खोली रिकामी होत होती. पूर्ण संच विकला की ती खोली मिळत होती, त्यानं घरमालकाला शब्दही दिला होता. "तू चल माझ्याबरोबर," तो मला म्हणाला होता. "तुझी नजर बारीक. मला कुणीही गंडवेल."

मुलीनं जांभळ्या उजेडाचा टॉर्च लावला. एकेका पाणबुड्यावरून तो फिरवत गेली. जुनं प्लास्टिक त्या उजेडात मातकट, मंद दिसतं. अकरा झाले. बाराव्यावर आली आणि डावा हात निळसर पांढरा पेटला. आमच्या त्या ॲक्रिलिकच्या पावडरीत एक द्रव्य असतं, उजेडात खऱ्या दातासारखी चमक यावी म्हणून. मला हे इतकी वर्षं माहीत होतं आणि तरी टॉर्चचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

"काका, हा हात मूळचा नाही," ती म्हणाली. "अंग पिवळं पडलंय बघा, आणि हात तसाच पांढरा आहे."

"जपलाय तसा," मीटर म्हणाला. "कुठे काय दिसतंय? बघू." तो टॉर्चखाली वाकला आणि हसून बोलू लागला. "अहो, मूळचाच आहे हो, मी काय..."

त्याचे समोरचे दात पेटले. तोच निळसर पांढरा रंग. चार वर्षांपूर्वी त्याची कवळी मीच केली होती, आणि मित्राची म्हणून समोरचे सहा दात बाजारचे न बसवता हातानं घडवले होते, त्याच पावडरीतून. मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पाणबुड्याच्या हाताकडे. मग तिनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. पोटच्या पोरीच्या वयाची मुलगी, पण मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

मीटरला स्वतःचे दात कसे दिसणार? त्यानं खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर उलगडला. अकरा वर्षांत घडीवर झिजलेली माझी चिठ्ठी. त्यानं ती जपून ठेवली असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"हे बघा, आमच्यात दोष लिहून द्यायची पद्धत आहे. ही या पाणबुड्याची चिठ्ठी. कोरी. म्हणजे दोष नाही. यानं दिलीय." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे काय करतात?" तिनं विचारलं.

"दातांची लॅब. आता हेच बघा ना," म्हणून त्यानं ओठ मागे ओढून सगळे दात तिला दाखवले. "कुणी म्हणेल खोटे आहेत?"

तिनं टॉर्च बंद केला. ती म्हणाली, "मी पाच मिनिटांत पाणी पिऊन येते," आणि पडदा सारून बाहेर गेली. तिला तहान लागलेली नव्हती, हे मला कळत होतं.

"भाव पाडायची युक्ती आहे," मीटर म्हणाला. "कळतं मला. उचल रे, कवळी. हिला द्यायचंच नाही. कोरी चिठ्ठी आहे तुझी आणि ही कालची पोर मला शिकवते." तो पाणबुडे एकेक करून कापसात गुंडाळू लागला.

"आणि खोली?"

"जाऊ दे खोली. तुझ्यावर शंका घेणाऱ्याला मी संच विकू? वहिनी तुझी काढेल अजून चार वर्षं वर."

मला फक्त गप्प बसायचं होतं. मूग गिळून बसायची सवय होतीच. त्यानं पिशवी उचलली असती, आम्ही वाटेत चहा प्यायलो असतो आणि त्यानं मरेपर्यंत त्या मुलीला शिव्या दिल्या असत्या. माझ्यासाठी तो आपली खोली सोडून देत होता. ते ऐकताना मला स्वतःची किळस आली.

"मीटर," मी म्हटलं, "तो हात मी केलाय."

तो कापूस गुंडाळत होता. "कधी?" त्यानं विचारलं. त्याला वाटलं असावं, मध्ये कधीतरी दुरुस्त करून दिलेला.

"आधीच. चिठ्ठी ठेवली त्याच्याही आधी."

त्यानं हातातला पाणबुड्या खाली ठेवला. मला शिवी हवी होती. एखादी थोबाडीतही चालली असती. तो म्हणाला, "ती माझ्या तोंडाकडे का बघत होती?"

मी सांगितलं. सांगायला शब्द फार लागले नाहीत. तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्याचे ओठ मिटत गेले. मग त्यानं तोंडावर आडवा हात धरला, दात काढल्यावर पहिले काही दिवस माणसं धरतात तसा. चिठ्ठीची जुन्याच घड्यांवर घडी घातली आणि पाकिटात परत ठेवली.

मुलगी आली. तो तोंडावरचा हात न काढता तिला म्हणाला, "डावा हात नकली आहे. लिहून घ्या. आमच्यात दोष आपण आधी सांगतो. आज उशीर झाला."

"मग पूर्ण संचाचा भाव नाही देता येणार, काका. तिसरा हिस्सा होईल."

"होऊ दे. आता हे घरी नेऊन मी रोज बघत बसू?"

तिनं चिमट्यानं तो हात अलगद उपटला, कारण नकली भाग कंपनी घेत नव्हती, आणि मखमलीवर ठेवला. बाराही पाणबुडे पारदर्शक पेट्यांत गेले, पेट्यांवर शिक्के बसले. त्यांचे गुडघे आता कुणी वाकवणार नाही. तो चिमुकला हात, कंदिलासकट, तिथेच पडून राहिला. मीटरनं घेतला नाही. शेवटी मीच उचलून खिशात टाकला. बसमध्ये मीटर माझ्या पुढच्या सीटवर बसला, शेजारची जागा रिकामी होती तरी मला बस म्हणाला नाही, आणि मीही बसलो नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी कप्तानाचं खोकं विकलं. त्याचेही भाव चढले होते, खोलीला कमी पडणारी रक्कम जवळजवळ भरून निघत होती. पैशांचं पाकीट घेऊन चार मजले चढलो. वहिनींनी दार उघडलं. सकाळचे अकरा वाजले होते. "झोपलेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मागे रेडिओचं स्टेशन कुणीतरी बदललं. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "ते नको म्हणालेत, भाऊजी. आणि खालची खोली गेली आता. तुम्ही सावकाश उतरा, तिसऱ्या जिन्यातला दिवा गेलाय." पाकीट अजून माझ्या लॅबच्या ड्रॉवरमध्ये आहे, त्या हाताशेजारी.

मंडळात मी तीन रविवार एकटा जाऊन बसलो. चौथ्या रविवारी झेरॉक्सवाल्यानं खोलीत नवीन मशीन लावलं होतं. "तुमचं टेबल गच्चीवर ठेवलंय," तो म्हणाला. "हवं तर घेऊन जा."

सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून रोजच्यासारखा कामांचा डबा आला. आठ कामं होती. सहाव्या पिशवीतली कवळी मी बाहेर काढली आणि हात थांबला. आपलं काम माणूस ओळखतो. समोरचा एक दात मुळापासून तुटला होता. याआधी काही झालं की मीटर थेट लॅबमध्ये यायचा, स्टुलावर बसायचा, मी पॉलिश करेपर्यंत बोळक्या तोंडानं मंडळातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायचा. आता कवळी डॉक्टरांमार्फत आली होती, चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर त्याचं खरं नाव होतं. बावीस वर्षांत मी ते पहिल्यांदा वाचलं.

खाली सूचनांच्या रकान्यात डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं: रुग्णाचं म्हणणं, रंग जुळवू नये. दुरुस्ती दिसली पाहिजे.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग रंगांची पट्टी काढली, त्याच्या दातांशी तंतोतंत जुळणारा रंग ओळखला, आणि तो बाजूला ठेवून एक छटा गडद घेतला. दात बसवला, घासला, उजेडात धरून पाहिला. कुणालाही दिसला असता. पिशवीत कवळी ठेवली आणि चिठ्ठीच्या खाली, लॅबनं सही करायच्या जागी, मी पेन उघडून लिहिलं: डावीकडचा दुसरा दात मी केलेला आहे.