ते पान माझं नव्हतं

मी एक जुनं झाड आहे. कोकणातल्या आरोंद्याला, खाडीकडे उतरणाऱ्या एका परसात उभं आहे. मित्रांनो, मला नाव आहे, पण या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यापायी माझा जीव जाता जाता राहिला.

या घरचे भाई बोटीवर नोकरीला होते. पूर्वेकडच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी मला डब्यातून आणलं. "नाव इसारलंय गो, पण फळ एकदम ग्वाड!" असं ते बायकोला, रुक्मिणीला म्हणाले. मी मात्र हट्टी. वर्षानुवर्षं नुसती पानंच. भाई फळाची वाट बघत गेले, तरी रुक्मिणी उन्हाळ्यात मला पाणी घालायची चुकली नाही.

परवा माझ्या बुंध्याशी बांधलेलं वासरू तडफडून मेलं. खरं काय घडलं ते मी पाहिलं होतं. दावं तोडून ते वईपर्यंत, म्हणजे परसाच्या कुंपणापर्यंत गेलं, तिथल्या गचपणात वाढलेल्या काजऱ्याला त्याने तोंड लावलं आणि माझ्या सावलीत येऊन पडलं. काजरा विषारी, हे इथे सगळ्यांना माहीत. पण वईत तो उगवलाय हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि मी ओरडून सांगणार कसं?

रुक्मिणीचा मुलगा दत्तप्रसाद आला. माझ्याखाली पडलेलं एक पान उचलून त्याने फोनवर फोटो काढला. फोनने नाव सांगितलं, काजरा. पान काजऱ्याचंच होतं, वाऱ्याने वईवरून आलेलं. माझ्याखाली सापडलं म्हणून ते माझं ठरलं.

"आये, ह्या झाड विषारी आसा. तोडूक व्हया."

रुक्मिणी तुटक्या दाव्याकडे बघत राहिली. "तोड," एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. तो शब्द मला फार लागला.

दुपारी झाडं तोडणारा जितेंद्र कुऱ्हाड घेऊन आला. "झाड गेला की गाय हयच बांधूया," दत्तप्रसाद म्हणाला. मी जाणार ते जाणारच, पण गाय त्या वईशेजारी!

पहिला घाव बसला. मग दुसरा. माझं अंग थरथरलं आणि जखमेतून पिवळा चीक ओघळला.

"ह्यो पिवळो चीक कसलो?" जितेंद्र थबकला.

रुक्मिणी गर्रकन वळली. "थांब रे!" तिने चीक बोटावर घेतला. "रातांब्याक, कोकमाच्या झाडाक, असोच येता. काजऱ्याक खंय येता चीक? दत्ता, तुझा पान दी बघू."

तिने माझी फांदी खाली ओढून एक पान खुडलं आणि दोन्ही पानं शेजारी धरली. जितेंद्रची कुऱ्हाड अजून हातातच होती. माझ्या पानात मधोमध एकच जाड शीर. त्या पानात देठापासूनच तीन शिरा फुटलेल्या.

"ह्या पान ह्या झाडाचा नाय! काजरो हयच खंयतरी आसा. गायीक सोडू नको!"

वईत काजरा सापडला. त्याच्याभोवती काटेरी फांद्या बांधल्या गेल्या. मग दत्तप्रसादने माझी फांदी, पानं आणि चीक यांचे फोटो झाडं शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना पाठवले. उत्तर आलं: मँगोस्टीन, रातांब्याच्याच कुळातलं. माझ्या घावावर शेणमाती लिंपताना रुक्मिणीने ते नाव दोनतीनदा म्हणून पाहिलं. तिला ते काही जमलं नाही. मग तिने डोळे पुसले.

मित्रांनो, माझ्या पायाशी पडलेलं सगळंच माझं नसतं. कुऱ्हाड उचलण्याआधी हात जरा वर करा, फांदी खाली ओढा आणि माझंच पान बघा. मला बोलता येत नाही. मला जे सांगायचं असतं, ते त्या पानावर असतं.