डोंगरावरचा पांढरा डाग

हिंटरवांगला पोचल्या पोचल्या मनोरमाबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बर्फ कुठाय?"

डिकीतून बॅगा उतरवता उतरवता त्यांचा मुलगा उत्कर्ष हसला. "आई, जुलै चालू आहे. इथे बर्फ डिसेंबरात पडतो."

"पण स्कीचं गाव म्हणाला होतास ना?"

"म्हणून तर आत्ता घर मिळालं. हिवाळ्यात इथे उभं राहायला जागा नसते."

मनोरमाबाईंच्या बॅगेत दोन लोकरीच्या टोप्या आणि हातमोजे आहेत, हे फक्त सुनेला, स्पृहाला ठाऊक होतं. बॅग भरताना तिने ते पाहिले होते आणि नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

गाव मात्र गोड होतं. हिरव्यागार उतारांवरून लिफ्टच्या खुर्च्या रिकाम्याच वर-खाली करत होत्या आणि त्यांच्याखाली गाई चरत होत्या. स्की भाड्याने देणाऱ्या दुकानाबाहेर आता सायकली लावल्या होत्या. कुरणाच्या कडेला बर्फ उडवणारी तोफ ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली होती आणि तिच्यावर चढून दोन पोरं रणगाडा रणगाडा खेळत होती. आठ वर्षांची ओवी गाडीतून उतरली ती थेट तिकडेच पळाली.

मनोरमाबाई सांगलीच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. नववीला हिमनदीचा धडा असायचा. हिमगव्हर, हिमोढ, यू आकाराची दरी, सगळं त्या फळ्यावर इतकं रेखीव काढायच्या की पुढचा तास घेणारे सरसुद्धा पुसायला बिचकत. पण फ्रीजरमधला सोडला तर बर्फाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. काश्मीरचं दोनदा ठरलं. पहिल्यांदा उत्कर्षची दहावी आडवी आली, दुसऱ्यांदा यजमानांचं आजारपण. मग यजमानही गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, या उन्हाळ्यात, त्या जर्मनीत कार्ल्सरूहेला मुलाकडे आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभ्या होत्या. हरणं बघायला म्हणून घरमालकिणीने खिडकीत एक दुर्बीण ठेवली होती. ती त्यांनी डोळ्याला लावली, समोरच्या डोंगरावरून सावकाश फिरवली आणि एका ठिकाणी थांबल्या.

"उत्कर्ष, तो बर्फ आहे."

उत्कर्ष आत लॅपटॉपवर दिवसाचं वेळापत्रक नीट करत होता. उठून न बघताच म्हणाला, "चुनखडी असेल. इथले सगळे डोंगर चुनखडीचेच आहेत."

"चुनखडी मला कळते रे. हा डाग उत्तरेच्या उतारावर आहे, कड्याच्या सावलीत. आणि खालून पाण्याचा ओघळ निघालाय. दगड वितळतो का?"

ओवीने आजीच्या हातातून दुर्बीण घेतली आणि ओरडली, "श्ने! पापा, दास इस्ट श्ने!" श्ने म्हणजे बर्फ. ओवीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून पहिलं यायचं ते जर्मनच.

"बरं, असेल," उत्कर्ष म्हणाला. "पण तो खूप वर आहे. आज आपण तळ्याला चक्कर मारायची. सपाट रस्ता आहे, ठिकठिकाणी बाकं आहेत."

ही बाकं मनोरमाबाईंच्या चांगल्याच ओळखीची झाली होती. जर्मनीत उतरल्यापासून सहा आठवडे उत्कर्ष त्यांना जिथे तिथे बसवत होता. जिना आला की कोपर धरायचा. त्यांच्या हातात भाजीची पिशवी दिसली की काढून घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं हे खरं, पण सांगलीत त्या रोज पहाटे कॉलेजच्या मैदानाला सहा फेऱ्या मारत होत्या, हेही खरंच होतं.

तळ्याभोवती फिरताना "आई, दमलीस का?" हा प्रश्न आला. मग पुन्हा आला. ओवी बोटांवर मोजत होती. परत बसमध्ये बसताना तिने आजीच्या कानात सांगितलं, "झीबन माल." सात वेळा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्रेडला लोणी लावता लावता स्पृहा सहज म्हणाली, "अहो आई, उद्या लिफ्टने वर जायचं का?"

उत्कर्षने मान वर केली. "कुठे वर?"

"त्या बर्फाकडे. मी आज टूरिस्ट ऑफिसात विचारून आले. बर्फच आहे. वरच्या स्टेशनपासून पाऊण तास, लहान मुलंसुद्धा जातात म्हणे." तिने खिशातून नकाशा काढून टेबलावर पसरला. त्यावर पेनाने गोल केला होता.

"आणि आईचा गुडघा?"

"माझा गुडघा नवाकोरा आहे," मनोरमाबाई म्हणाल्या. "तुझे जुने आहेत. तू जप."

स्पृहा हसू दाबत उठली आणि चहा ठेवायला गेली. उत्कर्ष एकटा पडला होता.

सकाळी लिफ्टपाशी त्याने इतक्या सूचना दिल्या की लिफ्टवाल्यानेच शेवटी त्याला दंडाला धरून बाजूला उभं केलं. मनोरमाबाई पंजाबी ड्रेस आणि स्पृहाचे डोंगरात घालायचे बूट अशा वेषात ओवीशेजारी खुर्चीत बसल्या. ओवीने आडवी दांडी खाली ओढली आणि पाय अधांतरी झाले. खालून गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. थोडं वर गेल्यावर मागे सगळी दरी उलगडली.

"बघ ओवी, तळ सपाट, कडा उभ्या. यू आहे की नाही?"

"वारूम यू, आजी?" यू का?

"नदीने खोदली असती तर व्ही झाली असती. ही बर्फाच्या नदीने खोदलीय. फार फार पूर्वी. आपण आत्ता जिथे लोंबकळतोय ना, इथवर बर्फ होता."

ओवीने खाली बघितलं, वर बघितलं. "एष्ट?" खरंच?

"एष्ट," आजी म्हणाली. हा शब्द तिला एव्हाना पाठ झाला होता.

वरच्या स्टेशनपासून दहा मिनिटांवर लाकडी हट होती. तिथे गाईंचं दूध काढून चीज करायचे. रेझी नावाची धिप्पाड बाई तिथे एप्रन बांधून वाटसरूंना ताक देत होती. मातीच्या मगातलं थंडगार ताक पिऊन मनोरमाबाईंनी ओठांवरची ताकाची मिशी पुसली आणि ओवीला म्हणाल्या, "सांग तिला, मीठ आणि जिरं घातलं तर आणखी छान लागेल." ओवीने सांगितलं. रेझी भुवया उंचावून "आहा" म्हणाली.

पुढची वाट चढाची होती, पण रुंद होती. मनोरमाबाई दोन्ही हातांत काठ्या घेऊन एका लयीत चालल्या होत्या. उत्कर्ष मागून येत होता आणि त्याचाच श्वास जास्त वाजत होता. कड्याला वळसा घातला आणि समोर बर्फ आला.

साधारण व्हॉलीबॉलच्या मैदानाएवढा तुकडा असेल. करड्या रंगाचा. वर खडी, सुकलेल्या काड्या, कसले कसले किडे, एक फाटका हातमोजा. खालच्या टोकाला गुहेसारखं भोक पडलं होतं आणि त्यातून पाणी बाहेर येत होतं. तिथून थंड हवेचा झोत अंगावर येत होता.

उत्कर्षला आईसाठी वाईट वाटलं. "हेच का ते? चल, फोटो काढू आणि—"

पण मनोरमाबाई त्याचं ऐकतच नव्हत्या. त्या एका दगडावर टेकल्या, वाकून मूठभर बर्फ उचलला आणि तळहातावर पसरला. जाडसर दाणे होते, साखरेसारखे.

"किती घाण आहे!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की स्पृहा बघतच राहिली. "अगं स्पृहा, हे बघ, दगड कसे ओढून आणलेत. पुस्तकात लिहिलंय तस्संच. आणि मी एकतीस वर्षं पांढरा खडू वापरला! करडा वापरायला हवा होता. सगळ्या पोरांना चुकीचा रंग शिकवला मी."

ओवीने तोवर बर्फाचा गोळा करून आजीच्या पाठीत मारला होता. आजीनेही परत मारला. नेम शाबूत होता.

"आई, इकडे बघ, मी खालून फोटो घेतो," म्हणत उत्कर्ष बर्फाच्या खालच्या कडेला गेला.

"तिकडे जाऊ नकोस. खालून पाणी वाहतंय, पोकळ असणार."

"काही नाही होत. तू बस."

त्याने आणखी एक पाऊल टाकलं. भस्सकन आवाज आला आणि उत्कर्ष कमरेपर्यंत आत गेला.

स्पृहा किंचाळून पुढे धावली. मनोरमाबाईंचा आवाज आला, "थांब! जागची हलू नकोस. ओवी, आईचा हात धर." तो आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता. दोघी जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मनोरमाबाई बर्फावर न चढता कडेच्या दगडांवरून, काठी टेकत टेकत त्याच्या जवळ गेल्या. पक्क्या दगडावर पाय रोवले आणि दुसरी काठी पुढे केली.

"धर. आता पुढे आडवा हो, पोटावर. पाय झाडू नकोस."

"आई, पाणी खूप गार आहे."

"माहीत आहे. पोटावर. सावकाश ये."

उत्कर्ष मगरीसारखा सरपटत बाहेर आला. एका पायात बूट होता, दुसऱ्यात नव्हता. तो बूट पाण्याबरोबर डोंगराच्या पोटात गेला होता. घोटा बघता बघता सुजायला लागला.

"काय सांगितलं होतं मी?" मनोरमाबाईंनी विचारलं. "कडेला काय असतं?"

"पोकळ असतं, बाई," उत्कर्ष म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. नववीत आई त्याला भूगोलाला होती आणि शाळेत तिला 'बाई' म्हणायचं असा तिचाच नियम होता. स्पृहाला आधी रडू येत होतं, ते तसंच अर्ध्यावर राहिलं आणि ती इतकी हसली की तिला दगडावर बसावं लागलं. थंडीने दात वाजत असताना उत्कर्षही हसायला लागला.

स्पृहाने त्याच्या घोट्याला आपली ओढणी घट्ट बांधली. एक हात बायकोच्या खांद्यावर, दुसरा आईच्या, असा तो एका पायावर उड्या मारत निघाला. वळणावरून हट दिसायला लागल्यावर ओवी पुढे धावली. तिने रेझीला काय सांगितलं कोण जाणे, पण दहा मिनिटांत रेझीचा नवरा ट्रॅक्टर घेऊन वर आला. उत्कर्षची रवानगी मागच्या ट्रॉलीत, दुधाच्या रिकाम्या कॅनांमध्ये झाली. मनोरमाबाईंना मानाने पुढे, चालकाशेजारच्या बैठकीवर बसवलं गेलं. मागून उत्कर्ष ओरडला, "आई, घट्ट धर!" त्यांनी मागे वळून न बघता हात हलवला.

हटमध्ये रेझीने घोटा दाबून पाहिला. मोडलेला नाही, म्हणाली. मग आतून एक भांडं आणलं आणि त्यातला गार पांढरा गोळा कपड्यावर थापून घोट्याभोवती गुंडाळला. मनोरमाबाई वाकून बघत राहिल्या.

"हा तर चक्का!"

"क्वार्क," ओवी म्हणाली. "आजी, त्याने सूज जाते, असं ती म्हणते."

"तिला विचार, पायाला फासतात तो खातातही ना? सांग, आमच्याकडे याचं श्रीखंड करतात."

ओवीची पंचाईत झाली. श्रीखंडाला जर्मनमध्ये काय म्हणायचं? "आल्झो..." अशी सुरुवात करून तिने साखर, वेलची, केशर, सगळं हातवारे करत समजावलं. रेझीने तिथल्या तिथे एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली आणि बिलाच्या मागे लिहून घेतलं. निघताना तिने विचारलं, तुमच्याकडे वेलची आहे का? स्पृहाने सांगितलं, चहासाठी आणलीय की. "मग उद्या या," रेझी म्हणाली. "क्वार्क माझा, वेलची तुमची."

दुसऱ्या दिवशी उत्कर्ष बाल्कनीत, पाय स्टुलावर ठेवून बसला होता. स्पृहा आणि ओवी आत आवरत होत्या. मनोरमाबाई चहा घेऊन त्याच्याजवळ आल्या.

"आई, सॉरी."

"कशाबद्दल? बुटाबद्दल?"

उत्कर्षने नकारार्थी मान हलवली. "बाबांना त्या दिवशी चक्कर आली तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. फोन सायलेंटवर होता. तुझे नऊ मिस्ड कॉल. नंतर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आता तू इथे आहेस, तर मला वाटतं, माझ्या डोळ्यांसमोर तुला साधी ठेचसुद्धा लागू नये."

मनोरमाबाईंनी कप कठड्यावर ठेवला.

"तू फोन उचलला असतास तरी ते थांबले नसते, उत्कर्ष. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. तुला नीट सांगायचं राहून गेलं, ती माझी चूक." त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. तो चाळीस वर्षांचा होता आणि कडेचे केस पांढरे व्हायला लागले होते. "पण तू मला सारखा बसवत राहिलास ना, तर मी खरंच म्हातारी होईन. मग तुला आणखी काळजी."

उत्कर्षने डोळे पुसले. "बरं. मग आज काय करणार?"

"आम्ही तिघी वर चाललोय. रेझी वाट बघत असेल. तू बस."

हे म्हणताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. तेवढ्यात आवरून खाली गेलेल्या स्पृहाची हाक आली, "अहो आई, बस आली!" आणि मनोरमाबाई दोन दोन पायऱ्या एकदम उतरत जिन्यावरून निघाल्या. कोपर धरायला उत्कर्ष अर्धवट उठला, घोट्यातून कळ आली तसा पुन्हा खाली बसला, आणि ओवीने बसच्या मागच्या खिडकीतून दाखवलेल्या वाकुल्या बघत राहिला.